शब्दांवाचून बोलणारी मॅरियन

मैत्रिणींनो, घरातलं माणूस गप्प गप्प राहायला लागलं की आपण काय करतो? ‘काय झालंय, बोल ना,’ म्हणून त्याच्या मागेच लागतो. पण ज्याचे शब्दच हरवलेत, त्याने बोलायचं तरी कसं? अशा माणसांशी शब्दांवाचून बोलणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. तिचं नाव मॅरियन चेस.

मॅरियनचा जन्म १८९६ सालचा, प्रॉव्हिडन्स शहरातला. वाढत्या वयात पाण्यात सूर मारताना तिच्या पाठीला दुखापत झाली. पाठीत बळ यावं म्हणून डॉक्टरांनी नाच शिकायला सांगितलं. औषध म्हणून सुरू झालेला हा नाच तिचं आयुष्यच होऊन बसला. नामांकित डेनिशॉन संस्थेत ती शिकली आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये नाचाचे वर्ग घेऊ लागली.

तिथे तिच्या एक लक्षात आलं. काही जणींना नर्तकी व्हायचंच नव्हतं. तरीही त्या नेमाने यायच्या. नाचून त्यांचं मन हलकं व्हायचं. मग मॅरियन प्रत्येकीच्या उभं राहण्याकडे, आखडलेल्या खांद्यांकडे, हातांच्या हालचालींकडे बारकाईने बघू लागली. हळूहळू डॉक्टरही आपले रुग्ण तिच्याकडे धाडू लागले.

१९४२ साली तिने सेंट एलिझाबेथ्स या मोठ्या सरकारी मनोरुग्णालयात काम सुरू केलं. महायुद्धाचे दिवस होते. क्लोरप्रोमेझीनसारखी औषधं अमेरिकेत यायला अजून बारा वर्षं होती. कित्येक रुग्ण वर्षानुवर्षं कुणाशी बोललेले नव्हते.

मॅरियन संगीत लावायची, जमतील त्यांना गोलात घ्यायची. एखादा कोपऱ्यात बसून नुसताच डुलत असेल, तर तीही त्याच लयीत डुलायची. ही नक्कल नव्हे हं! वेडावून दाखवलं की माणूस दुखावतो. तुझं मला कळतंय, एवढंच ती अंगाने सांगायची. त्याची नजर वळली की हालचाल जराशी मोठी करायची, मग हळूच दुसऱ्या कुणाला त्यात सामील करून घ्यायची. कुणी घाबरलेला दिसला तर ती लांबच थांबायची. मुठी आवळलेल्याला पाय आपटायला ताल द्यायची. वर्षानुवर्षं एकटं पडलेलं माणूस असं पुन्हा चारचौघांत यायचं.

तिच्या कामातूनच नृत्योपचार ही शाखा उभी राहिली. १९६६ साली अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिची पहिली अध्यक्ष मॅरियनच होती. १९७० मध्ये ती गेली.

आज मनोविकारांवर चांगली औषधं आहेत, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायलाच हवीत. पण औषध दिलं की आपलं काम संपलं, असं थोडंच आहे? घरात कुणी असं मिटून बसलं असेल, तर प्रश्नांची सरबत्ती जरा थांबवा. शेजारी बसून शेंगा सोला, भाजी निवडा, अंगणात बरोबरीने चार पावलं चाला. मॅरियनने आयुष्यभर हेच तर केलं!