पाखरागणिक निराळेपण टिपणारे सलीम अली

इंद्रायणीकाठच्या तळवड्यापासून अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत सुगरणीचा खोपा सर्वांच्या ओळखीचा. मराठीने या पाखराला बाईचे नाव दिले आणि बहिणाबाई चौधरींनी त्याला आई केले. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. मादी अर्धवट खोपा पारखते आणि पसंत पडला तरच संसार मांडते. या संसाराचा सविस्तर उलगडा डॉ. सलीम अली यांनी १९३० मध्ये किहीम येथे केला, तोही हातची नोकरी गेलेली असताना.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम यांचे आईवडील बालपणीच निवर्तले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा या मुलाचा उद्योग. एकदा पिवळ्या गळ्याची चिमणी हाती आली आणि तिचे नाव विचारण्यासाठी मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्याच्यापुढे उघडली. त्या कपाटांत पक्षी म्हणजे एका जातीचा नमुना होता. जिवंतपणी तो काय खात होता, शेजाऱ्याहून वेगळा कसा वागत होता, हे तो नमुना सांगू शकत नव्हता.

पुढे ब्रह्मदेशातील व्यवसाय, १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह आणि १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील नोकरी असा प्रवास झाला. अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे गेले. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावरील पक्षी निरीक्षण केंद्रातही त्यांनी काही काळ काढला. समुद्रपक्ष्यांच्या या बेटावर पाखरे जाळ्यात धरून, पायात क्रमांकाची कडी अडकवून पुन्हा सोडली जात. कडी चढली की ते पाखरू गर्दीतले एक उरत नाही, ते नेमके तेच पाखरू असते.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झाली होती. विद्यापीठाची पदवी नसल्याने अन्य शासकीय दारेही बंद होती. तेहमिना यांच्या माहेरचे घर किहीमला होते. तिथे राहून सलीम तासन् तास सुगरणींच्या वसाहतीकडे पाहत बसले. एका नराचा खोपा मादीने स्वीकारला की तो लगेच दुसरा विणायला घेई आणि एका हंगामात अनेक माद्यांशी घरोबा करी. दुसऱ्या एखाद्याचा खोपा मात्र अर्धवटच लोंबत राही. जात एक, झाड एक, नशीब वेगळे. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेकारीने महाराष्ट्राला दिलेली ही मोठीच देणगी म्हणावी लागेल.

त्यांच्या इंग्रजी लेखनावर हात फिरविणाऱ्या तेहमिना एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर १९३९ मध्ये गेल्या. दोन वर्षांनी भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे गाजलेले पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेले दहा खंड १९७४ मध्ये पूर्ण झाले. बंदूक त्यांनी कधी पूर्णपणे टाकली नाही. अभ्यासासाठी नमुने गोळा करण्याचे त्यांनी अखेरपर्यंत समर्थन केले. आजच्या पक्षिमित्रांना हे खटकते, पण ते लपविण्याचे कारण नाही.

क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू १९५७ मध्ये आढळला. स्थलांतरित पक्षी असे विषाणू वाहतात काय, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सोसायटीने १९५९ मध्ये कड्या चढविण्याची मोठी मोहीम हाती घेतली. तिचे सूत्रधार सलीम अली होते. हेलिगोलँडचा धडा असा तीस वर्षांनी कामी आला.

२० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पाखरागणिक नोंद ठेवण्याची ही रीत त्यानंतर खोल समुद्रापर्यंत पोहोचली. कॅनडातील हडसन उपसागरात कोट्स बेटावर खुणा केलेल्या गिलेमॉट पक्ष्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. एकाच कड्यावरचे दोन शेजारी, पण एक पिलासाठी ठरावीक जातीचा मासा आणत राहतो आणि दुसरा वेगळाच. बुडी मारण्याची तऱ्हाही ज्याची त्याची निराळी. हे भेद केवळ नर-मादीचे वा वयाचे नव्हेत.

ठाणे खाडीत २०२२ मध्ये सोसायटीने सहा फ्लेमिंगोंवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविली. प्रत्येकाला क्रमांकाबरोबर नावही मिळाले. त्यांतल्या एकाचे नाव सलीम ठेवले गेले, तर हुमायून नावाचा दुसरा त्याच पावसाळ्यात खाडी सोडून गुजरातेत पोहोचला.