आगरकर आणि नशिबाचा हिशेब

लोणंदच्या बाजारांत ज्यांच्या घरचा कांदा येतो, त्या मुलांस पाऊस व भाव आपल्या ताब्यांत नाहींत हें कोणी शिकवावें लागत नाहीं. खरा घोटाळा त्याच्या पुढें आहे. परीक्षा बिघडली कीं कित्येक पालक पत्रिका काढून साडेसातीवर खापर फोडतात. कित्येक सगळा दोष पोराच्याच माथीं मारतात, आणि मग तें पोर घरांत मान वर करीत नाहीं. दोन्ही रीती आम्हांस सारख्याच घातक वाटतात. अशा वेळीं या जिल्ह्यांतील शिक्षकांनीं मुलांस गोपाळ गणेश आगरकरांचें चरित्र सांगावें.

आगरकर 14 जुलै 1856 रोजीं कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं जन्मले. दारिद्र्य त्यांनीं मागून घेतलेलें नव्हतें. शिक्षणासाठीं रत्नागिरीपर्यंत पायीं जावें, निभाव न लागल्यानें परत फिरावें, दवाखान्यांत कंपाउंडरी करावी, पुन्हां अकोला गांठावें, असें त्यांचें लहानपण गेलें. डेक्कन कॉलेजांत असतां एकच सदरा रात्रीं धुवून सकाळीं घालीत, असें सांगतात. पुढें भरपगारी नोकरी आटोक्यांत येतांच ती आपण पत्करणार नाहीं, असें त्यांनीं आईस कळविलें. लादलेल्या गरिबीशीं झगडलेल्या या गृहस्थानें टाळतां येण्याजोगी गरिबी आपखुषीनें घेतली!

1882 सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळकांबरोबर त्यांस डोंगरीच्या तुरुंगांत 101 दिवस काढावे लागले. तुरुंगाचें दार कैद्याच्या इच्छेनें उघडत नाहीं. वेळ मात्र त्याची असते. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचें त्यांनीं केलेलें रूपांतर 'विकारविलसित' 1883 सालीं बाहेर पडलें.

पण सोशीकपणाचा धडा म्हणून हें चरित्र शिकविणें म्हणजे आगरकरांवर अन्याय होय. बालविधवेचें केशवपन झालें कीं लोक तिच्या कपाळाकडे बोट दाखवीत. नवरा मेला हें कोणाच्या हातचें नव्हतें, हें खरें. परंतु न्हावी बोलावला तो घरच्यांनींच, आणि आठव्या वर्षीं लग्न लावलें तेंही त्यांनींच. माणसांनीं केलेल्या गोष्टीस दैव म्हणूं नका, असा आगरकरांचा सारा झगडा होता. केसरी सोडून 1888 सालीं त्यांनीं 'सुधारक' काढला तो याचसाठीं. पुण्यांत विरोधकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली. लेखणी थांबली नाहीं. मुलांस हा फरक ओळखावयास शिकविलें पाहिजे: भाव पडला हें एक, आणि पोरीची शाळा बंद केली हें निराळें.

दमा मात्र त्यांच्या हातचा नव्हता. तो जुना सोबती. त्याच अवस्थेंत 1892 पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. 17 जून 1895 रोजीं, चाळिशीच्या आंतच, ते वारले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनीं आधींच पुडींत बांधून ठेवले होते, असें सांगतात.