जिवंत पाण्याचा पाणक्या : फादर थॉमस स्टीफन्स

साष्टी हे नाव धारण करणाऱ्या भूमी दोन आहेत. एक आपली, जीवर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे वसली; दुसरी गोव्यातील, मडगाव व रायतूर यांची. आपल्या साष्टीत वांद्र्यास येशूसंघाच्या धर्मगुरूंनी संत आंद्रेयाचे मंदिर उभारले ते सन १५७५ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २० तारखेस रोम नगरीत, संत आंद्रेयाच्याच नावाच्या आश्रमात, एका इंग्रज तरुणाने त्या संघाची दीक्षा घेतली. पुढे दुसऱ्या साष्टीतील भाविकांना मराठी ओवीतून ख्रिस्तकथा पाजणारे फादर थॉमस स्टीफन्स ते हेच.

त्यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर प्रांती बुश्टन येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्या काळी त्या देशात उघडपणे मिस्सा ऐकणेही गुन्हा होता. थॉमस पाउंड नामक एका धनिक मित्राचा चाकर म्हणून वावरत त्यांनी काही काळ गुप्तपणे काढला, व दोघांनी मिळून रोमला जाण्याचा बेत केला. परंतु पाउंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याची पुष्कळ वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले.

सन १५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस ते लिस्बन बंदरातून हिंदुस्थानाकडे निघाले. हा प्रवास वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. गिनीच्या किनाऱ्यानजीक वारा पडला, उष्मा असह्य झाला. पाऊस येई, पण तो इतका रोगट की, ते पाणी थोडा वेळ ठेवताच त्यात किडे होत, आणि टांगलेल्या मांसावर ते पडले तर त्या मांसातही किडे पडत. खलाशांच्या हिरड्या सुजत व त्या कापून काढाव्या लागत. ऑक्टोबरच्या २४ तारखेस गोवा दिसले. पुढील महिन्यात त्यांनी पित्यास जे पत्र धाडले त्यात हे सारे आहे, व शेवटी माडाचे मोठे कौतुक आहे. या देशी पिण्यास चांगले पाणी मिळते, माडी मिळते व नारळ मिळतो, असे ते कळवितात. आपण शहाळे लहानपणापासून प्यालेली माणसे. त्या साध्या वाक्यातील सुख आपणांस उमगणे कठीण!

पुढील जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी गोव्याच्या साष्टीत काढली. आरंभीच एक दारुण प्रसंग ओढवला. सन १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळी येथे धन्य रोदोल्फ आक्वाव्हिव्हा व त्यांचे चार संघबंधू मारले गेले, आणि त्यांचे देह विहिरीत टाकण्यात आले. ते देह परत मिळवून रायतूरच्या मंदिरात त्यांस मूठमाती देण्याच्या कामी फादर स्टीफन्स पुढे होते. त्या विहिरीचे पाणी रोग बरे करिते अशा श्रद्धेने मागाहून दूरदूरचे लोक तेथे येऊ लागले. परंतु सत्यास धरून हेही सांगितले पाहिजे की, कुंकळीकरांची देवळे पोर्तुगिजांनी त्याआधी जाळली होती, आणि हत्येनंतर गावच्या म्होरक्यांस बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्यांतील एक तेवढा नदीत उडी टाकून वाचला असे सांगतात. विहिरीचे स्मरण करताना त्या नदीस विसरणे बरे नव्हे.

अशा भूमीत ज्ञानस्नान घेतलेल्यांची अवस्था काय होती? मस्तकावर पाणी पडले होते, कंठ मात्र कोरडा होता. पूर्वीची पुराणे सुटली, किंबहुना बंद करण्यात आली. नवी कथा पाठ करावयाच्या प्रार्थनांपुरतीच. रायतूरच्या देवळात एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाने हीच उणीव बोलून दाखविली व मराठीत पुराण असावे अशी इच्छा प्रकट केली, असा प्रसंग ग्रंथारंभीच आला आहे. ही तक्रार ऐकून घेणारा कान फादर स्टीफन्स यांना होता, हेच मला त्यांचे थोरपण वाटते. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे, हे त्यांनी सन १५८३ मध्येच बंधूस लिहिले होते. कोंकणी व मराठी या दोन्ही त्यांनी आत्मसात केल्या. मराठीस तर त्यांनी फुलांतील मोगऱ्याच्या व सुगंधांतील कस्तुरीच्या पंक्तीस बसविले.

सन १६१६ मध्ये क्रिस्तपुराण रायतूर येथे छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभूचे चरित्र. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात. वाचणाऱ्यास परक्या घागरीतून प्यायल्यासारखे वाटत नाही. यार्देन नदीतील प्रभूचे स्नान व काना गावचे लग्न या कथा त्यांनी अशा लोकांसाठी रचिल्या, ज्यांच्या घरी पाणी आणणे हाच मंगल विधी असे. आपल्याकडेही लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणतात, मराठी गाणी म्हणतात. त्या बायाबापड्यांस कानाचे सहा दगडी रांजण समजावून सांगावे लागत नाहीत. शोमरोनी स्त्री भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर घागर घेऊन आली, तिलाही प्रभूने तिच्याच रोजच्या कामातून हाक दिली होती.

फादर स्टीफन्स सन १६१९ मध्ये निवर्तले. सन १६४९ व १६५४ मध्ये पुराण पुन्हा छापले गेले. पण सन १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी झरा आटला नाही. लोकांनी हाताने नकला केल्या, घरोघरी ओव्या म्हटल्या. टिपू सुलतानाने सन १७८४ मध्ये श्रीरंगपट्टणास नेलेल्या कानडा प्रांतीच्या ख्रिस्ती बंदिवानांनाही याच पुराणाचा आधार होता असे सांगतात. त्याच मंगळूर मुलखातून, हस्तलिखिते जुळवून, सन १९०७ मध्ये ते पुन्हा छापले गेले. तेव्हाही लिपी रोमनच होती, कारण आरंभी रायतूरच्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते आणि तोच प्रघात पडला. देवनागरी रूपात ते पुण्यास सन १९५६ मध्ये निघाले. आणि सन १९९६ मध्ये आपल्या मुंबईत.