नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत केशवसुतांबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. फुला-मुलांचे कवी ही त्यांची ओळख शालेय पुस्तकांमुळे घरोघरी पोहोचली असली, तरी त्यांच्या आयुष्याचा मध्यबिंदू त्यांची ख्रिस्तभक्ती हाच होता.

बालपण आणि भटकंती

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई लवकर वारल्या. त्यानंतर घराशी असलेला त्यांचा बंध सैल झाला व ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र दोनेक वर्षांपलीकडे गेले नाही. १८८० साली त्यांचा विवाह गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या. टिळकांचा स्वभाव शीघ्रकोपी, उदार आणि अस्थिर होता. नोकरी धरावी, सोडावी, कोणास न सांगता घरातून निघून जावे, असे अनेकदा घडले.

१८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व ‘ऋषि’ हे धर्मविषयक मासिक चालविले. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांविषयी त्यांच्या मनात शंका होत्याच. ज्या धर्मात माणसामाणसांत बंधुभाव नाही तो देशाचे भले कसे करील, हा प्रश्न त्यांना धर्मांतराच्या पुष्कळ आधीपासून पडला होता.

धर्मांतर

१८९३ साली राजनांदगाव संस्थानातील नोकरीसाठी जात असता आगगाडीत त्यांची एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली. हे अर्नेस्ट वॉर्ड होत. ज्या फ्री मेथडिस्ट मिशनचे ते होते, त्याचे काम पुढे वऱ्हाडात, विशेषतः यवतमाळ भागात रुजले. काव्याविषयी बोलणे झाले आणि निघताना वॉर्ड यांनी नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली. टिळक दोन वर्षांत ख्रिस्ती होतील असे भाकीतही त्यांनी केले. पुस्तक वाचायचे कबूल केले म्हणून टिळकांनी ते वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडले. शत्रूवर प्रेम करण्याची ती शिकवण वाचल्यावर पुस्तक खाली ठेवणे त्यांना शक्य झाले नाही. बाबा पदमनजी यांच्या लेखनाचाही त्यांना आधार मिळाला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाकडूनच घ्यावा असा त्यांचा आग्रह होता, व तसेच झाले.

या निर्णयाचे मोल लक्ष्मीबाईंना चुकवावे लागले, हे कोणत्याही चरित्रलेखकाने विसरता कामा नये. पदरी लहान मुलगा, सासर-माहेर दोन्हीकडे दुःख आणि नवरा जिवंत असून दुरावलेला, अशा स्थितीत त्यांनी जवळजवळ पाच वर्षे काढली. त्यांतील बराच काळ पंढरपुरात गेला. टिळकांनीही हा वियोग सुखाने सोसला नाही. परंतु मागे फिरण्याचा विचार त्यांनी केला नाही. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे आल्या, तेव्हाही त्यांनी सोवळे मोडले नाही. एकाच संसारात दोन चुली राहिल्या. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला आहे, हे लक्ष्मीबाईंना पुढे स्वतःच्या विचाराने पटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

नगरचे दिवस

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत टिळकांनी धर्मशिक्षणाच्या वर्गांत अध्यापन केले; १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मात्र त्यांची श्रद्धा व्यासपीठापेक्षा घरात अधिक दिसे. अनाथ मुले त्यांच्या घरी येत आणि घरचीच होत. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन टाकण्याची त्यांना सवय होती. दुसऱ्या दिवशीच्या भाजीची चिंता अर्थातच लक्ष्मीबाईंनी करायची असे! धर्मांतर न केलेल्यांनाही या घराचे दार उघडे होते. बालकवी ठोंबरे येथे मुलासारखे राहिले.

ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रजी होणे, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. चर्चमधील परकी चालींची भाषांतरित गीते मराठी माणसाच्या अंतःकरणाला भिडत नाहीत, हे ओळखून त्यांनी अभंग, ओवी, पद या रूपांत उपासनागीते रचली व कीर्तनातून ख्रिस्तचरित्र सांगितले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही त्यांची गीते गायिली जातात. तुकारामांविषयीचे त्यांचे प्रेम धर्मांतरानंतर ओसरले नाही. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्याच वाटेने, असे ते मानीत. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले.

त्यांच्या लौकिक कवितेत ‘केवढे हे क्रौर्य!’, ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ या रचना विशेष प्रसिद्ध आहेत. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीबद्दलची करुणा आणि भक्तिगीतांतील करुणा वेगळ्या नाहीत, हे दोन्ही एकत्र वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येते.

देवाचा दरबार

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली व संन्यस्त वृत्ती स्वीकारली. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना तेथे बंधुत्वाने एकत्र आणण्याचा त्यांचा विचार होता. संस्थेच्या सभासदत्वापेक्षा ख्रिस्ताचे अनुसरण मोठे, या मताने काही ख्रिस्ती सहकारी अस्वस्थ झाले. हिंदू समाजाने तर त्यांना आधीच दूर केले होते. दरबाराला पुरेसा काळ मिळाला नाही. दोन वर्षांच्या आतच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या.

‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. सुरुवातीचे सुमारे दहा अध्यायच झाले होते. फारसे औपचारिक शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले व १९३८ साली हा ग्रंथ प्रकाशित झाला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र टिळकांना जाणून घेण्याचे सर्वांत विश्वासाचे साधन आहे. त्यात पतीचे हट्ट, राग आणि विसरभोळेपणा यांपैकी काहीही झाकलेले नाही.