कामकऱ्यांचे गुरुजी

रिचर्ड हेन्री टॉनी ह्यांचा जन्म १८८० सालीं कलकत्त्यास झाला. कथासरित्सागर इंग्रजींत आणणारे पंडित हे त्यांचे वडील. ऑक्सफर्डचे हे पदवीधर १९०८ पासून दर आठवड्यास आगगाडीनें इंग्लंडांतील लाँग्टन व रॉचडेल ह्या कारखान्यांच्या गांवीं जाऊं लागले. दिवसभर राबलेले कुंभार व विणकर तेथें आर्थिक इतिहास शिकण्यास जमत. एक तास व्याख्यान, एक तास वादविवाद, शिवाय घरून निबंध. आणि हा क्रम तीन वर्षें! थकलेल्या हातांनीं लेखणी धरणें सोपें नव्हे. तरी हे विद्यार्थी गुरुजींचा शब्दहि निमूटपणें मानीत नसत. पुस्तकांत सहसा न सांपडणारें पुष्कळ ज्ञान आपणांस ह्या कामकऱ्यांनीं दिलें, असें टॉनींनीं १९१२ सालच्या आपल्या ग्रंथांत मोकळेपणीं लिहिलें. पुढें ते लंडनास प्राध्यापक झाले. पण कामकऱ्यांच्या शिक्षणसंस्थेचें अध्यक्षपद १९२८ पासून १९४४ पर्यंत त्यांजकडेच होतें.