मुख्य प्रधान थोरले माधवराव

चांद्याच्या जटपुरा दरवाजातून रोज ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल, की १७६९ साली मराठी राज्याच्या मुख्य प्रधानाने याच शहरास वेढा घातला होता? वेढा घालणारे थोरले माधवराव पेशवे व चांद्याचे धनी नागपूरकर भोसले हे उभयता साताऱ्याच्या एकाच छत्रपतीचे सेवक. एकाची पेशवाईची वस्त्रे व दुसऱ्याचा सेनासाहेबसुभा हा किताब एकाच गादीचा. मग एका सेवकाने दुसऱ्यास शासन करावे ते कोणत्या अधिकाराने? आम्हां वकिली पेशाच्या माणसांस हा प्रश्न टाळता येत नाही.

१६७४ साली, शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयी, पेशवा हा अष्टप्रधानांपैकी एक होता. त्यास नेमणे वा काढणे राजाच्या हाती असे. पुढे हे पद वंशपरंपरा झाले, आणि १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर रामराजांचे नाव शिक्क्यापुरते उरले. १७६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, माधवरावांनी वस्त्रे घेतली तेव्हा पानिपतचा घाव ताजा होता व घरात राघोबादादांसारखा महत्त्वाकांक्षी चुलता होता. ताराबाईंच्या निधनानंतर त्यांनी रामराजांची कैद सैल केली. राज्याधिकार मात्र परत केला नाही, हे त्यांच्या भक्तांनीही विसरू नये.

तथापि जो अंकुश राजा ठेवू शकत नव्हता, तो या तरुण प्रधानाने आपणहून पत्करला. तो पूजाअर्चेत फार वेळ घालवू लागला, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी नोकरी सोडून काशीस जाण्याची तयारी दाखविली. ब्राह्मणधर्मच आचरावयाचा तर राज्यकारभार सोडावा, असे त्यांनी त्यास तोंडावर सुनावले. प्रधानाने ते ऐकले. त्याने वेठ बंद केली, आणि आपल्या मर्जीतल्या सुभेदारानेही ती घेतली असता गय केली नाही. वेठ म्हणजे काय, हे चांदा-गडचिरोलीच्या जंगलमुलखास आम्ही सांगावयास नको.

निजामाच्या ज्या फौजेने १७६३ साली पुणे लुटले, तिच्यासोबत जानोजी भोसले होते. १७६८ साली त्यांनी राघोबांची बाजू धरली. म्हणून पुढल्या वर्षीची ही स्वारी. जानोजी समोर उभे न राहता पुण्याच्या रोखाने निघाले, आणि अखेर कनकापूरचा तह झाला. भोसल्यांनी दरसाल पाच लाखांवर रुपये द्यावे, परवानगीवाचून फौज वाढवू नये, परदरबाराशी परभारे बोलणी करू नयेत, अशी त्याची कलमे. माधवरावांनी नागपूरचे राज्य बुडविले नाही. ते एका राज्याच्या शिस्तीत आणले. अधिकाराचा प्रश्न याने सुटत नाही, परंतु त्याचा उपयोग कसा झाला हे यावरून दिसते.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने त्यांचा अंत झाला, तेव्हा वय अवघे सत्तावीस. वर्ष पुरे होण्याआधीच नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबांस दोषी ठरविले व पद सोडले. साताऱ्याहून १७७३ साली वस्त्रे आली ती त्याच राघोबांस, आणि १७७४ साली आली ती चाळीस दिवसांच्या अर्भकास.