कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत, १९११–१९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

शिक्षण

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे झाला. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरल्यावर त्यांना वर्षभराच्या अटींवर प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे संस्थेची दारे विद्यार्थिनींना खुली केली.

संशोधन

केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असते, असे त्यांनी दाखवून दिले. या प्रथिनाच्या घडीत लोहयुक्त हीम गट बसलेला असतो. लोह आळीपाळीने इलेक्ट्रॉन घेते व देते आणि त्यावर पेशीचे श्वसन चालते. या शोधावरील अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधाला पीएच.डी. मिळाली.

१९३९ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत रुजू झाल्या. तेथे त्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांचा शोध घेतला. ट्रिप्सिन हे आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारे विकर आहे. रोधक प्रथिनाचा एक भाग त्याच्या खाचेत नेमका बसतो आणि विकराचे काम थांबते. त्यामुळे कच्च्या कडधान्यातील प्रथिने अंगी लागत नाहीत. प्रथिनाची घडी क्षीण बंधांनी टिकलेली असते व रेणू सतत हलत असतो. पुरेशा उष्णतेने ही हालचाल वाढून बंध तुटतात, घडी उलगडते आणि रोधक बहुतांशी निष्प्रभ होतो. अमिनो आम्लांची साखळी तीच राहते, पण आकारासोबत कार्यही जाते. डाळ नीट शिजवण्यामागे हे शास्त्र आहे.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.